एकत्र राहिल्याने कीटक हुशार होतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडच्या घरी सज्ज्याखाली गांधीलमाश्यांचं एक पोळं आहे, तुम्ही उन्हाळाभर ते बघत आलात, आणि या माश्या एकमेकींना ओळखतात असं तुम्हाला वाटू लागलं. मग कॉलेजात ऐकलं की माकडांमध्ये कळप जितका मोठा तितका मेंदू मोठा. तसं असेल तर लाखोंच्या वारुळात राहणारी मुंगी सगळ्यांत हुशार असायला हवी. ती तशी का वाटत नाही?

मी गेली तीसेक वर्षं पुण्यात गांधीलमाश्या आणि मुंग्या बघतो आहे. पहाटे माश्या गारठलेल्या असताना गवताच्या काडीने त्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके द्यायचे आणि मग दिवसभर कोण कोणाशी कसं वागतं ते वहीत उतरवायचं, हे माझं काम. या कामातून आणि इतरांच्या प्रयोगांतून माझं जे मत झालं ते आधीच सांगतो. समाजात राहून बुद्धी वाढते असं म्हणण्यापेक्षा ती वाटली जाते असं म्हणावं. कुणाला काय ठाऊक असणं भाग आहे त्यावर काही क्षमता धारदार होतात, काही बोथट होतात, आणि काही तर एका डोक्यातून निघून पोळ्याच्या पृष्ठभागावर, वासात, नाचात जाऊन बसतात. शिवाय ज्या मेंदूवर हे सगळं चालतं, त्याची मुख्य जडणघडण समाजाच्या फार आधीची आहे.

माकडांचा मुद्दा आधी. रॉबिन डनबार यांनी १९९२ साली दाखवलं की वानरकुळात मेंदूच्या बाह्य पटलाचं प्रमाण आणि कळपाचा आकार यांचा संबंध दिसतो. त्यामागची कल्पना अशी की कळपात कोण कोणाचं मित्र, कोण कोणावर वरचढ, कालचं भांडण कोणाचं होतं, हे सगळं लक्षात ठेवावं लागतं आणि त्याला मेंदू लागतो. या कल्पनेचा जीव एका अटीत आहे: कळपातली प्रत्येक व्यक्ती वेगळी ओळखली गेली पाहिजे. कीटकांबद्दल बोलताना लोक ही अट विसरतात आणि सरळ संख्येकडे वळतात. गोंधळ तिथून सुरू होतो.

आता ही अट पूर्ण करणारे कीटक बघू, कारण ते खरंच आहेत आणि ते तुमच्या सज्ज्याखालच्या माश्यांचे नातलग आहेत.

उत्तर अमेरिकेत पॉलिस्टिस फस्कॅटस नावाची गांधीलमाशी आहे. वसंतात बऱ्याचदा काही माद्या मिळून एक पोळं सुरू करतात. त्यांच्यात झटापटी होतात आणि क्रम लागतो: पहिली कोण, दुसरी कोण, तिसरी कोण. अंडी घालायचा वाटा आणि कामाचा वाटा या क्रमावर ठरतो. या जातीत प्रत्येकीच्या चेहऱ्यावरची पिवळी-तपकिरी नक्षी निराळी असते. २००२ साली एलिझाबेथ टिबेट्स यांनी काही माश्यांच्या चेहऱ्यावरची नक्षी रंगाने बदलली आणि त्यांना पोळ्यावर परत सोडलं. बाकीच्या त्यांच्यावर धावून गेल्या. थोड्या वेळाने नवा चेहरा ओळखीचा झाला आणि मारामारी निवली. ज्यांना रंग लावला पण नक्षी तीच ठेवली, त्यांच्या वाट्याला असा हल्ला आला नाही. रंगाच्या वासाचा किंवा हाताळल्याचा हा परिणाम नव्हता, चेहऱ्याचाच होता.

२०११ साली मायकेल शीहान आणि टिबेट्स यांनी पुढचं पाऊल टाकलं. या माश्यांना एका छोट्या चक्रव्यूहात दोन चित्रांतून एक निवडायला शिकवलं. चुकीच्या बाजूला पायाखाली हलका विजेचा झटका. दोन माश्यांचे चेहरे त्या चटकन शिकल्या. साधी भौमितिक चिन्हं किंवा अळ्यांची चित्रं शिकायला त्यांना जास्त वेळ लागला, आणि अळ्या तर त्यांची रोजची शिकार. चेहऱ्याच्या चित्रातून फक्त मिशा पुसून टाकल्या तरी शिकणं मंदावलं, म्हणजे त्यांच्या मेंदूला चेहरा ही एक अखंड गोष्ट म्हणून दिसत होती. त्यांच्याच कुळातली पॉलिस्टिस मेट्रिकस ही जात मात्र चेहरे ओळखण्यात काही विशेष करू शकली नाही. त्या जातीत पोळं साधारणपणे एकच मादी सुरू करते आणि सगळ्यांचे चेहरे सारखेच असतात. शरीर जवळजवळ तेच, शिकार तीच, घरही त्याच धर्तीचं. फरक घरात किती जणींशी जुळवून घ्यावं लागतं याचा. समाज बुद्धी घडवतो याचा इतका स्वच्छ पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही. घडली ती नेमकी एक क्षमता, हेही त्यात लक्षात घ्या.

ही क्षमताही आयती मिळत नाही. फस्कॅटस माशीला जन्मापासून एकटी वाढवली तर तिला चेहरे वेगळे ओळखता येत नाहीत, आणि मेंदूतला दृष्टीशी संबंधित एक भाग तिच्यात सोबतीत वाढलेल्या माशीपेक्षा निराळा वाढतो, असं २०१९ आणि २०२१ सालच्या अभ्यासांत दिसलं.

आणखी एक प्रयोग सांगण्याचा मोह आवरत नाही. तालमीत अ ने ब ला पाडलं आणि ब ने क ला पाडलं, तर अ आणि क यांची कुस्ती न बघताही आपण सांगतो की अ भारी. हे अनुमान गांधीलमाश्यांना जमतं का? २०१९ साली टिबेट्स यांनी पाच रंगांचा असा क्रम लावून दोन जातींच्या पॉलिस्टिस माश्यांना शेजारशेजारच्या जोड्या शिकवल्या आणि मग कधीच एकत्र न दाखवलेली जोडी समोर ठेवली. माश्यांनी बरोबर रंग निवडला. २००४ साली मधमाश्यांवर याच धर्तीची परीक्षा झाली होती, त्यात त्या नापास झाल्या. मधमाशीला समान आणि असमान यांतला फरक अमूर्तपणे शिकता येतो, हे २००१ मध्येच सिद्ध झालं होतं, तेव्हा तिला मठ्ठ म्हणायची सोय नाही. पण मधमाशीच्या पोळ्यात हजारो बहिणी आणि एक राणी. तिथे कामकरी माश्यांच्या क्रमाचा हिशेब ठेवायचं कारणच पडत नाही. गांधीलमाशीच्या लहानशा, धुसफुशीच्या घरात तो रोज ठेवावा लागतो.

आता तुमच्या सज्ज्याकडे येतो. पोळं उघडं असेल, देठाला लटकलेलं, वरून कागदी आवरण नसलेलं, आणि माश्या तांबूस-तपकिरी, पोटावर एक पिवळी किनार असलेल्या, तर ती बहुधा रोपॅलिडिया मार्जिनाटा. पुण्यात खिडक्या, जिने, पाण्याच्या टाक्यांखाली ही सर्रास दिसते आणि तिची पोळी वर्षभर सापडतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या एका जातीवर अनेक दशकं काम केलं. आपल्या अंगणातल्या एका साध्या माशीमुळे जगातल्या कीटकशास्त्राला विचार करायला लागला, याचा मला मनापासून आनंद आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला मी तो सांगतो.

या जातीची राणी भांडत नाही. नवख्या माणसाला ती ओळखूच येत नाही, इतकी ती शांत असते. पण तिला पोळ्यावरून उचललं की काही मिनिटांत एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, सगळ्यांना ढुशा देत सुटते, आणि राणीला परत ठेवलं नाही तर पुढच्या काही दिवसांत तिचा आवेश उतरतो, अंडाशय वाढतात आणि ती नवी राणी होते. मजा अशी की राणी असेपर्यंत ही वारस कोण हे निरीक्षकाला कुठल्याच वर्तनावरून आधी सांगता येत नाही. माश्यांना मात्र ठाऊक असावं, असं दाखवणारा एक सुंदर प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. पोळ्याचे दोन भाग करून मध्ये जाळी लावली, राणी एका बाजूला ठेवली. दुसऱ्या बाजूला एक वारस उभी राहिली. मग राणी आणि ही वारस यांची अदलाबदल केली. आता जी बाजू राणीविना झाली, तिथे काही वेळा तीच पहिली वारस सगळ्यांना मान्य झाली, तर काही वेळा तिथली दुसरीच पुढे आली आणि पहिलीने तिच्यासाठी जागा सोडली. खरी वारस ठरली तिच्यावर कोणीही हल्ला केला नाही. रांग लागलेली होती, फक्त ती आपल्याला दिसत नव्हती.

आणि राणी आहे की नाही हे सगळ्यांना कसं कळतं? ती आपलं पोट पोळ्याच्या पृष्ठभागावर घासत फिरते आणि एका ग्रंथीतला स्राव तिथे सोडते. माश्या तो वास पोळ्यावरून घेतात. राणीला प्रत्येकीपर्यंत जाऊन धाक दाखवावा लागत नाही. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण माहिती डोक्याबाहेर ठेवण्याची सुरुवात इतक्या छोट्या घरातच झालेली इथे दिसते.

घर मोठं झालं की हीच वाट पुढे जाते. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात दहा-बारा बिऱ्हाडं. कोणाचा मुलगा कुठे लागला, कोणाचं कोणाशी वाजलं, हे सगळ्यांना पाठ. हिंजवडीच्या टाऊनशिपमध्ये दोन हजार फ्लॅट. तिथे गेटवरचा वॉचमन गाडीच्या काचेवरचं स्टिकर बघतो आणि दांडा वर करतो. त्याची स्मरणशक्ती वाड्यातल्या आजींपेक्षा कमी आहे असं कोणी म्हणणार नाही, पण त्याच्या कामाला ती लागत नाही. मुंग्यांचं तसंच. अंगावरच्या मेणचट थरातल्या हायड्रोकार्बनांचं मिश्रण हे त्यांचं स्टिकर. मिशा लावून हुंगायचं: आपली की परकी. बहुतेक मोठ्या वारुळांत व्यक्ती ओळखणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही. त्यातून सगळ्या जवळच्या नात्यातल्या. बहिणीच्या पिलांना वाढवण्यात स्वतःचाही वारसा पुढे जातो हे विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली गणिताने मांडलं. भांडणं कमी, त्यामुळे डावपेचही कमी. माकडांचा नियम मुंग्यांना लावता येत नाही, कारण त्यांच्या समाजाचा पायाच निराळा आहे.

मेंदूची जडणघडण समाजाच्या आधीची, असं मी वर म्हटलं. इथे जरा थांबायला हवं, कारण पाठ्यपुस्तकांत हा भाग अजूनही अर्धवट शिकवला जातो.

कीटकाच्या मेंदूत अळंबीच्या आकाराची एक जोडी असते, तिला मशरूम बॉडी म्हणतात. शिकणं, स्मरण, वेगवेगळ्या इंद्रियांची माहिती एकत्र जुळवणं, ही कामं तिथे होतात. फेलिक्स द्युजार्दँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५० साली तिचं वर्णन केलं आणि मधमाश्या-मुंग्यांमध्ये ती मोठी दिसल्यामुळे तिचा संबंध त्यांच्या बुद्धीशी जोडला. तेव्हापासून समाज म्हणजे मोठी मशरूम बॉडी हे समीकरण रुजलं. मधमाशीच्या मेंदूत सुमारे १० लाख चेतापेशी, त्यातल्या तीन लाखांहून जास्त या जोडीत, म्हणजे दर बाजूला दीड लाखाहून जास्त. फळमाशीच्या दर बाजूला जेमतेम दोन-अडीच हजार. आकडे बघून समीकरण पटतंही. पण मग आपल्या स्वयंपाकघरातलं मोठं झुरळ घ्या. त्याच्या दर बाजूला पावणेदोन ते दोन लाख पेशी आहेत, मधमाशीच्या तोडीस तोड. झुरळं एकमेकांच्या सोबतीने राहतात हे खरं, पण त्यांच्यात ना राणी, ना कामकरी, ना पोळं.

२०११ साली सारा फॅरिस आणि सुझान शुल्माइस्टर यांनी मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्या सगळ्या गणाच्या वंशवृक्षावर मशरूम बॉडीचा आकार मांडून बघितला. मोठी आणि घड्यांची मशरूम बॉडी आली ती परजीवी गांधीलमाश्यांच्या उगमापाशी, म्हणजे दुसऱ्या कीटकाच्या अंगात किंवा अंगावर अंडी घालणाऱ्या माश्यांपाशी. गणातला पहिला समाज त्यानंतर सुमारे ९ कोटी वर्षांनी उभा राहिला. परजीवी माशीला आपलं भक्ष्य शोधायला लागतं. ते लाकडात, पानाच्या गुंडाळीत, मातीत दडलेलं असतं. कुठल्या झाडाचा कुठला वास, कुठली जागा आधी तपासली, हे शिकल्याशिवाय भागत नाही.

आपल्याकडे कुंभारीण सगळ्यांनी बघितली आहे. खिडकीच्या चौकटीत, भिंतीवरच्या घड्याळामागे मातीचं गाडगं करणारी. तिच्यावरून आलेला भ्रमरकीटन्याय कीर्तनांतून ऐकलेला असतो: ती अळी आणून घरट्यात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणत राहते आणि अळीला तिचाच ध्यास लागून ती अळीच कुंभारीण होते. लहानपणी मला हे खरं वाटायचं. प्रत्यक्षात ती अळीला डंख मारून लुळं करते, जिवंत पण हलू न शकणारं ताजं अन्न आपल्या पिलासाठी साठवते आणि घरटं बंद करते. दृष्टान्त म्हणून न्याय सुंदरच आहे, पण खरी गोष्ट मला त्याहून थक्क करते. ही बाई एकटी आहे. तिला घरट्याची जागा पाठ हवी, माती कुठली ते माहीत हवं, शिकार कुठे मिळते ते आठवायला हवं, कुठलं गाडगं भरलं आणि कुठलं अर्धं आहे हे ठेवायला हवं. निको टिनबर्गन यांनी १९३० च्या दशकात जमिनीत बीळ करणाऱ्या एकट्या गांधीलमाशीच्या दाराभोवती पाइनच्या बोंडांचं कडं मांडलं, ती शिकारीला गेल्यावर कडं थोडं बाजूला सरकवलं, आणि परतलेली माशी कड्याच्या मध्ये दार शोधू लागली. हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता: कुंभारिणीचं घरटं असलेल्या खिडकीतल्या कुंड्या ती बाहेर गेल्यावर हलवा आणि परतल्यावर तिची उडण्याची वाट बघा.

सगळी कामं एकटीने करणाऱ्या या माशीला पुरेपूर मेंदू लागतो. मग समाजात आल्यावर काय झालं? शॉन ओडॉनेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली गांधीलमाश्यांच्या कुळातल्या २९ जातींचे मेंदू तपासले. समाजात राहणाऱ्या जातींमध्ये मशरूम बॉडीवरचा खर्च एकट्या राहणाऱ्यांपेक्षा कमी निघाला. माहिती वाटून घेता येऊ लागली की प्रत्येकीने सगळं डोक्यात वागवायचं कारण राहत नाही, असा त्यांचा अर्थ, आणि तो मला पटतो. पण हा नियम सगळीकडे चालतो असं समजू नका. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची तुलना २०१६ साली एका लहान वारुळाच्या मुंगीशी केली, तेव्हा पानं शिवणाऱ्यांच्या मोठ्या कामकऱ्यांत मशरूम बॉडी मोठीच निघाली. मात्र तिथल्या पेशींचा ऊर्जेचा खर्च कमी होता. मेंदूचं नुसतं घनफळ मोजून बुद्धीबद्दल बोलू नये असं मी म्हणतो ते अशा उदाहरणांमुळे.

मेंदू महाग असतो, आणि नको असेल तेव्हा कीटक तो विकून टाकतो, याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण आपल्या सह्याद्रीतलं आहे. हार्पेग्नॅथॉस सॅल्टेटर ही लांब जबड्याची, मोठ्या डोळ्यांची, उडी मारणारी मुंगी. कामकरी एकटी शिकारीला जाते आणि डोळ्यांवर भिस्त ठेवून झडप घालते. वारुळातली राणी मेली की कामकऱ्यांमध्ये मिशांची झुंज लागते, ती आठवडेच्या आठवडे चालते, आणि जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालू लागतात. त्यांचं आयुष्य काही महिन्यांवरून काही वर्षांवर जातं, अंडाशय फुगतात, आणि मेंदू सुमारे पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहून थोडा जास्त आक्रसतो. त्यांना आता बाहेर जायचं नाही, शिकार करायची नाही, शत्रू बघायचा नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा मुंग्यांना काही आठवडे एकटं ठेवलं. त्या पुन्हा कामकरी झाल्या आणि मेंदू पुन्हा वाढला. कुठलंही जनुक बदललं नाही, फक्त घरातलं स्थान बदललं.

उलट बाजूचं उदाहरण टोळांचं. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली होती, तेव्हा अनेकांनी ते थवे पहिल्यांदा बघितले. तोच टोळ विरळ वस्तीत एकटा वाढला तर भित्रा आणि लपून राहणारा. दाटीत वाढला तर थव्यातला. २०१० साली मोजमापं झाली तेव्हा थव्यातल्या टोळाचं शरीर लहान असूनही मेंदू सुमारे ३० टक्के मोठा निघाला. थव्यात कोणी कोणाचा सगा नाही. अन्नासाठी चढाओढ, आणि मागचा टोळ पुढच्याला खाऊही शकतो. मुंगीला गर्दीत विश्वास मिळतो, टोळाला गर्दीत शेजाऱ्यावर नजर ठेवावी लागते. दोघेही गर्दीत, पण मेंदूंचं जे झालं ते उलटसुलट. तुमच्या प्रश्नातली संख्या इथे निकामी ठरते.

मधमाशीबद्दल न बोलता पुण्यात हे उत्तर संपवणं बरं दिसणार नाही. गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. सातेरीची पेटी कशी हाताळायची हे अनेक मधपाळ तिथे शिकले. सातेरी, फुलोरी, आग्या, तिन्ही या शहरात आहेत आणि तिन्ही नाचतात. नाचातून दिशा आणि अंतर सांगितलं जातं, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलं आणि १९७३ चं नोबेल त्यांना मिळालं. अंतर माशी मोजते ते डोळ्यांपुढून सरकणाऱ्या दृश्याच्या वेगावरून, हे मंड्यम श्रीनिवासन यांच्या बोगद्यांतल्या प्रयोगांनी दाखवलं. दक्षिण भारतात या तिन्ही जातींचे नाच शेजारीशेजारी मोजले गेले, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं: तेवढ्याच अंतराला तिघींचा नाच वेगवेगळ्या लांबीचा, आणि जी जात जास्त लांब चरायला जाते तिचं माप त्या हिशेबाने निराळं.

नाच उपजत असतो असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. २०२३ साली ते सुधारावं लागलं. ज्या पोळ्यात एकही अनुभवी नर्तकी नव्हती अशा पोळ्यात वाढलेल्या तरुण माश्या नाचल्या, पण अस्ताव्यस्त. दिशेतली चूक त्यांनी सरावाने कमी केली; अंतराचं माप मात्र आयुष्यभर चुकीचंच राहिलं. ज्यांना मोठ्यांच्या मागे मागे फिरून नाच बघायला मिळाला होता, त्यांचं नीट होतं. लहानपणी घरात ऐकलेली भाषा पक्की बसते, तसं काहीसं.

बंबलबी नावाच्या केसाळ मधमाश्या पुण्यात दिसत नाहीत, आपल्याकडे त्या मुख्यतः हिमालयात. त्यांच्यावरचा २०२४ चा प्रयोग सांगायलाच हवा. दोन पायऱ्यांनी उघडणारी पेटी. पहिल्या पायरीला बक्षीस नाही, साखरपाणी दुसरीनंतरच. एकट्या माशीला ती कधीच उघडता आली नाही. शिकवून तयार केलेल्या माशीला बघून मात्र काही नवख्या माश्या ती उघडू लागल्या. आपल्या एकट्याच्या बुद्धीपलीकडचं दुसरीकडून शिकणं हे फक्त माणसांचं मानलं जायचं. पण त्यासाठी समाजात राहणारा कीटकच हवा असंही नाही. एकट्या राहणाऱ्या रातकिड्यांच्या एका जातीतले किडे, कोळी असलेल्या जागेतून आलेल्या सोबत्यांना पानाखाली लपताना बघून लपायला शिकतात, आणि फळमाशीची मादी दुसऱ्या मादीने कोणता नर निवडला ते बघून आपली निवड बदलते. बघून शिकण्याची ताकद जुनी आहे. समाजाने फक्त बघण्यासारख्या गोष्टी रोज डोळ्यांसमोर आणून ठेवल्या.

राहता राहिला वारुळाच्या शहाणपणाचा भाग. टॉमस सीली यांनी नव्या घराच्या शोधात निघालेल्या मधमाश्यांच्या थव्याचा अभ्यास केला. सुमारे दहा हजार माश्या फांदीला लटकलेल्या, त्यातल्या काहीशे टेहळणीला जातात. प्रत्येक टेहळी साधारण एकच जागा बघते आणि चांगली असेल तर जास्त फेऱ्या नाचते. दर खेपेला तिचा उत्साह आपोआप ओसरतो. दुसऱ्या जागेची बाजू घेणारीला ती डोक्याने ढुशी देऊन थांबवते. एखाद्या जागी पुरेशा टेहळ्या जमल्या की निर्णय झाला. सगळ्या जागांची तुलना कोणत्याही एका माशीने केलेली नसते, तरी थवा बहुतेक वेळा सर्वांत चांगली जागा निवडतो. चेतापेशी आणि मेंदू यांचं जे नातं, तेच इथे माशी आणि थवा यांचं, असं सीली म्हणतात. मी एवढंच जोडेन की या थव्यातली टेहळी ही चुणचुणीत असते. तिला पोकळीचं आकारमान, दाराचा आकार, जमिनीपासूनची उंची जोखता यावी लागते. आतल्या कामांवरून बाहेर चरायला जाऊ लागली की मधमाशीच्या मशरूम बॉडीतला चेतातंतूंच्या जाळ्यांचा भाग वाढतो, हे १९९३ सालीच दिसलं होतं. शहाणा समूह आणि मूर्ख व्यक्ती ही मांडणी मुंग्या-माश्यांवर अन्याय करते. जिला घराबाहेर जायचं असतं तिची बुद्धी कुठल्याही समाजाने काढून घेतलेली नाही.

वेड्या राघूचं नाव इथे मला नेहमी आठवतं. माश्या पकडून खाणारा हा हिरवा पक्षी, नाव वेडा. पुण्यात गरवारे महाविद्यालयात मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवलं की जवळ उभ्या माणसाला घरट्याचं बीळ दिसत असेल तर हा पक्षी त्यात शिरायला बिचकतो, आणि त्या माणसाला बीळ दिसत नसेल तर निर्धास्त जातो. २००२ साली ते काम प्रसिद्ध झालं. दुसऱ्याला काय दिसतं याचा हिशेब ठेवणारा पक्षी या शहराच्या कडेला होता, आणि तो कोणीतरी नीट उभं राहून बघितला तेव्हा कळलं. फार उपकरणं लागली नाहीत.

म्हणून आता तुमच्या पोळ्याबद्दल. कृपा करून ते फवारू देऊ नका. माझं दोन महिने ठिपके देऊन राखलेलं एक पोळं एका सोसायटीत न विचारता एका सकाळी औषध मारून पाडलं गेलं. मला ते अजून लागतं. सोसायटीच्या सेक्रेटरींशी आधी बोला, पोळ्यापाशी एक पाटी लावा. राणी काढण्याचा प्रयोग घरी करू नका, त्याने घर विस्कटतं आणि तुम्हाला एकट्याने त्याची नोंद ठेवता येणार नाही. आग्या मोहोळाच्या जवळ तर जाऊच नका. पुढची सूचना फक्त सज्ज्याखालच्या लहान पोळ्यासाठी आहे, आणि घरात कोणाला डंखाची ॲलर्जी असेल तर तीही सोडून द्या.

ठिपके द्यायचे असतील तर उजाडण्यापूर्वी, लांब काडीने, पटकन सुकणारा रंग, पाठीच्या वरच्या भागावर. पंखांच्या मुळांना लागू देऊ नका. चेहऱ्यावर देऊ नका. तेवढं जमत नसेल तर नुसतं बसा. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ चांगली. ज्या माशीच्या तोंडात बारीक केलेल्या अळीचा गोळा असेल ती परतल्यावर तिच्याकडून तो कोण घेतं ते लिहा. बऱ्याचदा ती स्वतः पिलांना भरवत नाही, गोळा हातोहात जातो. घेणारी दर वेळी तीच आहे की बदलते, मागणारी आणि देणारी एकमेकींच्या पुढ्यात कशा उभ्या राहतात, देणारी मान खाली घालते का, आणि या सगळ्यात एक माशी पोट घासत संथ फिरते आहे का. पहिले दोन-तीन दिवस काहीच लागणार नाही. वही मात्र रोज उघडा, आणि पंधरा दिवसांनी ती घेऊन या, आपण एकत्र वाचू.